के.ओ. ऐकायचाय? एसएनईएस क्लासिक मिनीचा फक्त मारामारीपुरता रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू अर्धवट आहे आणि मुद्दाम अर्धवट आहे. ही डबी म्हणजे निन्टेन्डोच्या नव्वदीतल्या एसएनईएस कन्सोलची नवी छोटी आवृत्ती, तिच्यात २१ गेम आहेत, झेल्डा आहे, मारिओ आहे, मेट्रॉइड आहे, त्यांच्यावर लोकांनी ढीगभर लिहून ठेवलंय, ते वाचा. मी बोलणार फक्त दोन गेमबद्दल, स्ट्रीट फायटर टू टर्बो आणि सुपर पंच-आउट, कारण मी ही वस्तू घेतलीच मुळी यूएफसी या एमएमएच्या (मिश्र मारामारीच्या) स्पर्धेतल्या नॉकआउटच्या पॅरडी क्लिपा बघून बघून. त्याच हो, खऱ्या फाइटवर वरती पिवळे हेल्थ बार चिकटवलेले, मध्ये टायमर, आणि माणूस आडवा झाला की तो जाडा आवाज, के. ओ., म्हणजे नॉकआउट! शंभरदा बघितल्या तरी हसू येतंच, आणि मग डोक्यात किडा वळवळायला लागतो की हे आवाज जिथून उचललेत तो मूळ गेम आज खेळायला कसा वाटेल? तर त्याचं उत्तर म्हणजे हा रिव्ह्यू. थोडक्यात पाहिजे असेल तर: घ्या, पण जोडीला कोणीतरी खेळणारं असेल तरच घ्या. सविस्तर पाहिजे असेल तर वाचत राहा.

आता ज्या नॉकआउटने हा सगळा खर्च करायला लावला तो सांगतो. ऑक्टोबर २०२०, अबू धाबी, यास आयलंड, कोविडमुळे एकही प्रेक्षक नाही. वॉकीन बकली विरुद्ध इम्पा कसांगनाय, दुसरा राउंड. बकलीने डाव्या पायाने किक मारली, कसांगनायने ती पकडली. आता इथपर्यंत रोजचंच आहे, पाय पकडला म्हणजे पुढे ढकलून पाडायचं किंवा दुसऱ्या हाताने ठोसा द्यायचा, शाळेत शिकवल्यासारखं ठरलेलं असतं. पण बकलीने काय केलं, तर तो पकडलेला पाय सोडवायच्या भानगडीतच पडला नाही. त्याच पायाचा टेकू घेतला, उजव्या पायावरून उडी मारली, हवेतच गर्रकन फिरला आणि उजवी टाच थेट समोरच्याच्या तोंडावर. कसांगनाय पाय धरून उभा, म्हणजे ज्याने हात चेहऱ्यासमोर ठेवायचा तोच हात गुंतलेला, आणि ज्याचा पाय धरलाय तो या स्थितीतून काही मारू शकतो हे कोणाच्या स्वप्नातही नाही. ओंडका पडावा तसा सरळ मागे पडला तो. हॉल रिकामा असल्यामुळे गर्दीचा गोंगाट नाही, मोजक्याच माणसांचं ओरडणं, त्यामुळे ते आणखीच विचित्र वाटतं.

(त्याच रात्री मेन इव्हेंटला कोरी सँडहेगनने मार्लोन मोराएसला फिरत्या किकनेच संपवलं होतं, एरवी महिनाभर त्याचीच चर्चा झाली असती. बिचारा.)

ही क्लिप बाहेर आली आणि एडिटिंग करणाऱ्या पोरांना सोन्याची खाण सापडली. का, तर ती हालचालच मुळात खऱ्या माणसाची वाटत नाही, कोणीतरी बटणं दाबून काढलेली वाटते. कोणी स्ट्रीट फायटर केला, कोणी टेकन केला, कोणी मॉर्टल कॉम्बॅट. मी यातलं भरपूर बघितलंय आणि माझं स्पष्ट मत आहे की यातलं बरंचसं आळशी काम असतं, क्लिप घेतली, वर बार चिकटवले, शेवटी आवाज टाकला, झालं. ज्यांनी तो गेम खरंच खेळलाय त्यांचं काम लगेच ओळखू येतं, कारण ते टाच लागली की चित्र थांबवतात. अगदी डोळ्याची पापणी लवेल एवढंच. मग हळू होतं, मग माणूस पडतो, मग आवाज. ज्यांना हे माहीत नाही ते लाथ लागायच्या आधीच आवाज टाकून मोकळे होतात आणि मग मजा जाते.

हे थांबणं त्या एडिटवाल्यांनी शोधलेलं नाही, ते १९९१ च्या मूळ स्ट्रीट फायटर टू मध्येच आहे, आणि टर्बो, म्हणजे त्याचीच सुधारलेली आवृत्ती, लावून पहिली फाइट खेळलात की लगेच हाताला जाणवतं. फटका लागला की मारणारा आणि मार खाणारा दोघंही काही फ्रेम, म्हणजे सेकंदाचा बारीकसा तुकडा, जागेवर गोठतात. हलका ठोसा असो वा जोरदार लाथ, मधल्या त्या एवढ्याशा खंडाशिवाय फटक्याला वजनच येत नाही. आणि शेवटचा फटका, ज्याने बार रिकामा होतो, तो लागला की सगळाच गेम संथ होतो, हरणाऱ्याची किंकाळी घुमत घुमत जाते आणि तो कमानीसारखा मागे उडतो. हे काय ग्राफिक्सचं काम नाहीये, तेव्हा ग्राफिक्स होतंच किती, हे वेळेचं काम आहे. आज मोठमोठ्या गेममध्ये घामाचा थेंब न् थेंब दिसतो पण फटका मऊ वाटतो, आणि इथे चार रंगांचा रियू, गेमचा नायक, लाथ मारतो तर खुर्चीत बसल्याजागी खांदा उडतो.

बकलीच्या त्या लाथेला गेममध्ये शोधायचं तर रियूची तात्सुमाकी, ती गोल गोल फिरणारी किक. क्लिपांमध्ये बरेच जण केनचा (गेममधला दुसरा फायटर) आवाज आणि केनची किक वापरतात, मला ते पटत नाही. केनची किक लागते तेव्हा टपटपटप अनेकदा लागते, रियूची एकदाच लागते आणि समोरचा थेट आडवा. बकलीचं प्रकरण एकाच टाचेचं आहे, म्हणजे रियूच पाहिजे. शिवाय टर्बोमध्ये पहिल्यांदा ती किक हवेत असताना मारायची सोय आली, म्हणजे उडी मारून मग गिरकी, अजून जवळ. हो, मी या गोष्टीवर भांडायला तयार आहे.

अजून एक खोडी काढतो, आलोच आहे मूडमध्ये तर. बहुतेक क्लिपांमध्ये पूर्ण भरलेला बार एका लाथेत शून्यावर येतो. गेममध्ये असं होत नाही! कितीही जोरात मारा, एका साध्या लाथेत भरलेला बार संपत नाही. आणि ती फाइट दुसऱ्या राउंडला संपली, आधी पाच मिनिटं दोघांनी एकमेकांना मारलेलं होतं, मग बार आधीच थोडे खाल्लेले दाखवा ना. एका क्लिपमध्ये कोणीतरी हे बरोबर केलं होतं, मधलं के.ओ. चं चिन्ह पण लुकलुकत होतं, जसं गेममध्ये बार संपत आला की लुकलुकतं. त्या माणसाला माझा दंडवत.

बरं, आता वस्तूबद्दल. कंट्रोलर अगदी जुन्यासारखाच आहे, वजनाला हलका, आणि दोन येतात डब्यात, ही सगळ्यात मोठी जमेची बाजू. सहा बटणं आणि स्ट्रीट फायटरचे सहा फटके, हिशोब बरोबर जुळतो. तीन ठोसे तीन लाथा, त्यातला जोरदार ठोसा डाव्या खांद्याच्या बटणावर आणि जोरदार लाथ उजव्या. सुरुवातीला विचित्र वाटतं की सगळ्यात मोठ्या फटक्यांना अंगठा नाही तर तर्जनी लागते, पण एकदा सवय झाली की उजवं बोट आपोआपच दाबायला लागतं. हादोकेन, म्हणजे रियूचा हातातून सुटणारा गोळा, काढताना डावा अंगठा खालून पुढे सरकवायचा असतो, तो प्लस आकाराचा पॅड कडक आहे, तासभर खेळलात तर अंगठ्याच्या टोकाला लाल होतं. ते चालायचंच.

पुढचं झाकण उघडलं की कंट्रोलर जोडायची खरी जागा, वरून दिसतात ती जुन्या कन्सोलची भोकं नुसती शोभेची. छान लपवलंय. कंट्रोलरची वायर मात्र अजून आखूड आहे, आधीच्या एनईएस मिनीपेक्षा (त्याहून जुन्या कन्सोलची अशीच छोटी आवृत्ती) लांब असली तरी मोठ्या टीव्हीसमोर सोफ्यावर बसून होत नाही, एकतर डबी पुढे ओढा नाहीतर तुम्ही खाली बसा. आणि गेम बदलायचा असेल तर उठून डबीवरचं रीसेट बटण दाबायचं, कंट्रोलरवरून मेनूत जाताच येत नाही. हरलेल्याने उठायचं असा नियम करून टाका, भांडण मिटतं.

रीसेट दाबून सेव्ह करता येतं, प्रत्येक गेमला चार जागा, आणि सेव्ह केलेलं थोडं मागेही नेता येतं. हे मागे नेणं मारामारीच्या गेमसाठी फार कामाचं निघालं. नॉकआउट झाला की लगेच सेव्ह, मग मागे घेऊन परत परत बघा, रीप्लेच झाला तो. हरत असाल तर मागे जाऊन फसवणूक पण करता येते, ते तुमच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडतो.

चित्राचे तीन प्रकार आहेत. जुन्या टीव्हीसारख्या रेघा दिसणारं, साधं ४:३, आणि पिक्सेल परफेक्ट. पॅरडी बघून आलेल्यांना पहिलंच लावावंसं वाटेल, मलाही वाटलं, पण त्या रेघा नकली वाटतात आणि चित्र धुरकट होतं. साधं ४:३ ठेवा. आणि टीव्हीचा गेम मोड चालू करा, हे विसरू नका, नाहीतर बटण दाबल्यापासून लाथ निघेपर्यंत जी किंचित दिरंगाई होते तिने शोर्युकेन (उडी मारून वर मारायचा ठोसा) चुकतो आणि लोक कन्सोलला शिव्या घालतात, दोष बऱ्याचदा टीव्हीचा असतो.

आता सुपर पंच-आउट. हा १९९४ चा बॉक्सिंगचा गेम आणि खरं सांगायचं तर एमएमएच्या नॉकआउटच्या जास्त जवळ हा आहे, स्ट्रीट फायटर नाही. कारण इथे सगळा खेळ समोरच्याला वाचायचा आहे. तुमचा बॉक्सर पाठमोरा, आरपार दिसणारा, आणि समोर हे धिप्पाड एकेक नमुने, एकूण सोळा. प्रत्येकाची मारायच्या आधीची एक खोड असते, कोणी भुवई उडवतो, कोणी खांदा मागे घेतो, ती ओळखायची, झुकायचं आणि त्या उघड्या क्षणात ठोसा. त्यातला बाल्ड बुल नावाचा बॉक्सर धावत येतो ना, तो लागला तर तुम्ही गेलात, पण नेमक्या क्षणी एक ठोसा दिलात तर तोच कोसळतो. बकलीच्या लाथेत काय वेगळं होतं? समोरच्याचा हात कधी गुंतलाय हे त्याला कळलं, बस. मासविडाल-आस्क्रेन तर याच गेममधून उचलल्यासारखी फाइट, जुलै २०१९, यूएफसी २३९, आस्क्रेन तोपर्यंत एकदाही न हरलेला, आणि तो पाय पकडायला खाली वाकणार हे जगाला ठाऊक. मासविडाल घंटा वाजताच धावत सुटला आणि गुडघा बरोबर तिथे नेला जिथे डोकं येणार होतं. पाच सेकंद. यूएफसीमधला सगळ्यात झटपट नॉकआउट. पंच-आउटमध्ये पण घड्याळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ दाखवतं आणि तुमचा विक्रम लिहून ठेवतं, त्यामुळे पहिल्याच प्रतिस्पर्ध्याला, गॅबी जेला, अजून थोडं लवकर कसं पाडता येईल यात संध्याकाळ कुठे जाते कळत नाही.

आणि एक गंमत, हा गेम २८ वर्षं एकट्याचाच समजला जात होता, २०२२ मध्ये उघड झालं की आत दोघांनी खेळायची सोय लपवलेली आहे, दुसऱ्या कंट्रोलरची ठरावीक बटणं दाबून धरली की दुसरा माणूस समोरचा बॉक्सर चालवू शकतो. ती बटणं शोधलीत तर लगेच सापडतील. मिनीवर चालतं. दोन कंट्रोलर डब्यातच आहेत म्हटल्यावर वसूल.

एवढं कौतुक केल्यावर एक खटकणारी गोष्ट पण सांगतो. दोन्ही गेममध्ये देशोदेशीची माणसं म्हणजे अक्षरशः अर्कचित्रं आहेत, स्ट्रीट फायटरमधला आपला भारतीय धालसिमच बघा, गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, मागे हत्ती. योगा केला की हातपाय रबरासारखे लांब होतात म्हणे. लहानपणी भारी वाटायचं, आता बघताना जरा अवघडल्यासारखं होतं, तरी मी त्यालाच घेऊन खेळतो, टर्बोमध्ये त्याला अचानक गायब व्हायची युक्ती पण मिळाली आहे.

मॉर्टल कॉम्बॅट, तो रक्तबंबाळ मारामारीचा गेम, यात नाही. हे लक्षात घेऊनच घ्या, कारण अर्ध्या पॅरडी क्लिपा "फिनिश हिम" वर चालतात आणि तो आवाज इथे मिळणार नाही. तसंही या कन्सोलवर १९९३ मध्ये आलेल्या पहिल्या मॉर्टल कॉम्बॅटमधून रक्त काढून त्याजागी घामाचे करडे थेंब टाकले होते, त्यामुळे फार काही गमावलं असं मला वाटत नाही. आणि ही एक बाब मला त्या क्लिपांतही जड जाते. के.ओ. चालतं, फेटॅलिटी, म्हणजे मॉर्टल कॉम्बॅटमधलं हरलेल्याला क्रूरपणे ठार मारणं, नको वाटते. खरा माणूस पडलेला असतो तिथे. २०१६ मध्ये लंडनला बेलाटॉरच्या (यूएफसीसारखीच दुसरी एमएमए संस्था) फाइटमध्ये मायकेल 'व्हेनम' पेजने एव्हान्जेलिस्टा सायबॉर्ग सांतोसला उडत्या गुडघ्याने पाडलं, आणि पोकेमॉन गो हा मोबाइल गेम नुकताच आलेला म्हणून लगेच टोपी घालून पोकेबॉल (त्यात पोकेमॉन पकडायचा चेंडू) त्याच्याकडे घरंगळत सोडला. म्हणजे पॅरडी करायला इंटरनेटची वाट पण नाही पाहिली, फाइटरने स्वतःच जागेवर उरकली. तेव्हा सगळे हसले, मी पण हसलो, नंतर कळलं की सायबॉर्गच्या कपाळाचं हाड आत गेलंय आणि त्याला ऑपरेशन लागलं. ती क्लिप आता लागली की मी पुढे सरकवतो. बकलीची नाही सरकवत, कारण कसांगनाय नंतर उठला, लढत राहिला आणि २०२३ मध्ये पीएफएल या आणखी एका एमएमए स्पर्धेचा लाइट हेवीवेट चॅम्पियन झाला, दहा लाख डॉलर घेऊन गेला. स्ट्रीट फायटरमध्ये हरल्यावर सुजलेल्या तोंडाचा फोटो आणि उलटी मोजणी येते ना, कंटिन्यू? त्याने नाणं टाकलं. आणि बकलीला तीनच महिन्यांनी अलेस्सिओ दि किरिकोने पहिल्या राउंडला डोक्यावर लाथ घालून झोपवला, त्याच अबू धाबीत.

काही जण म्हणतील की नॉकआउटच पाहिजे तर ईए स्पोर्ट्सचा यूएफसी ५ घे ना, जुनं कशाला. खेळलोय. २०२३ चा आहे, चेहरे हुबेहूब, जखम वाढली तर डॉक्टर येऊन फाइट थांबवतो, नॉकआउटचा संथ रीप्ले तर असा की गालाची कातडी हललेली दिसते. कारागिरी जबरदस्त आहे, वादच नाही. पण तिथे माणूस पडला की मला हसू येत नाही, आणि दोघांनी एकत्र बसून खेळताना जे ओरडणं होतं ते होत नाही, कारण नवख्याला जमिनीवरची कुस्ती समजेपर्यंतच अर्धा तास जातो. स्ट्रीट फायटर कोणाच्याही हातात द्या, दोन मिनिटांत तो ब्लांका हा हिरवा राक्षसासारखा फायटर घेऊन एकच बटण बडवायला लागतो आणि वीज काढून तुम्हाला हरवतो, आणि तुम्हाला राग येतो. असा राग आणणारा गेम चांगला असतो.

घेताना काय बघायचं ते सांगून थांबतो. ही डबी सप्टेंबर २०१७ ला आली आणि आता बनत नाही, त्यामुळे मिळेल ती जुनी किंवा कोणीतरी दाबून ठेवलेली, आणि नकली मालाचा सुळसुळाट आहे. ज्या खोक्यावर शेकडो गेम आहेत असं लिहिलंय ते अस्सल नाहीच, अस्सलमध्ये २१ च असतात आणि त्यातला एक स्टार फॉक्स २, जो आधी कधीच बाजारात आला नव्हता. दुसरं, जपानी आवृत्ती, सुपर फॅमिकॉम मिनी, दिसायला जास्त गोड आहे रंगीत बटणांमुळे, पण तिच्यात सुपर पंच-आउट नाही आणि टर्बोच्या जागी सुपर स्ट्रीट फायटर टू आहे, म्हणजे आपल्या दोनपैकी एक गेम गेलाच. नुसता स्ट्रीट फायटर पाहिजे असेल तर २०१८ चा थर्टिएथ अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन घ्या, त्यात १२ गेम आहेत आणि तेही आर्केडचे, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनचे, मूळ, आवाज जास्त स्वच्छ, के.ओ. जास्त खणखणीत. आणि ज्यांच्याकडे निन्टेन्डोचा स्विच कन्सोल आहे त्यांना ऑनलाइन मेंबरशिपमध्ये सुपर पंच-आउट मिळतोच, त्यांनी ही डबी फक्त कपाटात दिसायला छान दिसते म्हणून घ्यायची असेल तर घ्यावी. एनईएस मिनी मात्र या कामासाठी घेऊ नका, तिच्यातल्या पंच-आउटमध्ये शेवटी बॉक्सर माइक टायसन नाही, त्याच्या जागी मिस्टर ड्रीम नावाचा काल्पनिक बॉक्सर उभा आहे.